भुईवरून उठायची तालीम

बहिणीने दोन जागांचे फोटो एकाच दिवशी पाठवले. ती दक्षिण कोरियात शिकते. फेब्रुवारीत तिचा पदवीदान समारंभ होता आणि आईवडील पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. तिच्या वसतिगृहात पाहुण्यांना राहता येत नव्हतं. पहिली जागा शहरातलं नवं हॉटेल: चौदावा मजला, काचेची भिंत, उंच पलंग. दुसरी हानोक, म्हणजे तिकडचं जुन्या पद्धतीचं कौलारू, लाकडी खांबांचं घर. एक वयस्क बाई ते पाहुण्यांसाठी चालवते. तिथे पलंग नसतो. जमीन खालून गरम केलेली असते आणि तिच्यावर गादी घालून झोपायचं.

नारायणगावच्या आमच्या घरात फोन दोन दिवस हातोहात फिरला. वडिलांचं मत हॉटेलकडे होतं.

"एवढ्या लांब विमानानं जायचं आन् भुईवर झोपायचं व्हय?"

आई हानोकचेच फोटो बोटांनी मोठे करून पाहत होती. उंबरा, चपला काढायची पायरी, नीट घडी घातलेली पांघरुणं. तिचं माहेर घाटमाथ्यावरचं आहुपे. तिथल्या पावसात चुलीतले निखारे बाजूला ओढून त्या गरम भुईवर पोरांची अंथरुणं घालायचे, हे तिने आम्हाला अनेकदा सांगितलेलं आहे. हे घर चालवणाऱ्या बाईला थंडी कळते, असं तिचं मत पडलं.

अडचण वडिलांच्या गुडघ्यांची होती. टोमॅटोच्या वावरात आयुष्य वाकून काढलेला हा माणूस आता जेवायलाही खुर्चीवर बसतो, पण गुडघे दुखतात असं म्हणत नाही. आईने ते वदवून घेतलं नाही. तिने संध्याकाळी त्यांची खाट भिंतीला उभी केली, खाली गोधड्या अंथरल्या आणि जायच्या आधी सवय करू, एवढंच सांगितलं.

पहिल्या सकाळी ते धान्याची कोठी धरून उठले. दुसऱ्या दिवशी आईने कोठी सरकवून ठेवली. सकाळी वडील कुशीवर वळले, दोन्ही हात टेकले आणि तसेच थांबले. मी चहा घेऊन आलो होतो, तो परत नेला.

आत वडील म्हणत होते की हॉटेलच बघा, परक्या घरात तमाशा नको.

"तुमाला भुईवर झोपायची लाज न्हाई," आई म्हणाली, "उठायची हाय."

मग तिने बहिणीला फोन लावून त्या घरमालकिणीला एकच गोष्ट विचारायला सांगितली: खोलीत उठताना धरायला काय आहे? बहीण संकोचली. असं कुणी विचारत नाही, म्हणाली. आईने फोन ठेवला नाही.

उत्तरादाखल दुपारी एक फोटो आला. घरमालकीण स्वतः गादीवर, अर्धवट उठलेली, एक हात लाकडी खांबाला. तिचेही गुडघे असेच आहेत आणि खांबाजवळची खोली ती या दोघांसाठी ठेवील, असं बहिणीने खाली लिहिलं होतं.

वडिलांनी फोटो बराच वेळ पाहिला. बाई आपल्याहून थोरली दिसते, म्हणाले. नंतर त्यांनी तिने कोणता हात वापरलाय ते विचारलं. आईने पाहून सांगितलं, डावा.

ते स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसले. डाव्या हाताने चौकट धरली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा ते उभे राहिले, धोतर सारखं केलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "कळव तिला."