रिकाम्या बसची चौदा मिनिटं

माझ्या काकाने एकवीस वर्षं बस चालवली आणि नंतर सहा वर्षं डेपोत टायरचे नट आवळले. मध्ये काय घडलं, ते घरात कुणी काढत नाही. काकू सोडून. ती जेवताना काढते.

घडलं ते असं. दोघं एकाच बसवर, तो ड्रायव्हर, ती कंडक्टर. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम. एक दिवस काकू रजेवर होती. बदली कंडक्टर आत तिकिटं फाडत होता. काकाने आरशात बघितलं, कुणी दिसलं नाही, आणि घंटीची वाट न बघता गाडी काढली. पायरीवरून एक बाई पडली, तिचा खुबा मोडला. चौकशी झाली, अहवाल लिहिला गेला आणि काकाचं स्टेअरिंग गेलं ते गेलंच.

काका निवृत्त झाल्यावर डेपोने नव्या ड्रायव्हरांसाठी एक खोली केली. खुर्ची, स्टेअरिंग, तीन पडदे आणि बस चालवायचा खेळ. शिकवायला जुना माणूस हवा होता. अट एकच: घरी तोच खेळ खेळून एक पूर्ण फेरी रेकॉर्ड करून पाठवायची, एकही धक्का न लागता. निवड करणार डेपोप्रमुख, म्हणजे तेव्हाचा अहवाल लिहिणारेच साहेब. काकाने कुणाला न विचारता अर्ज केला. त्याला पुन्हा त्या खुर्चीत बसायचं होतं, मग समोर रस्ता खरा असो की पडद्यावरचा.

प्लास्टिकचं स्टेअरिंग काकाने विकत आणलं, कॉम्प्युटर माझा जुना. मी तो भंगारात टाकणारच होते, तेवढ्यात काकाने उचलून नेला. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, पण माउस धरता येतो एवढ्यावर घरच्यांनी मला इंजिनिअर करून टाकलंय.

नुसता खेळला तर काका सुरेख चालवायचा. रेकॉर्डिंग सुरू केलं की चित्र अडखळायचं. तो ब्रेक दाबायचा, बस अर्ध्या सेकंदाने ऐकायची, तोवर दुभाजक अंगावर आलेला असायचा.

"ब्रेक वेळेवर दाबला होता," काका म्हणायचा.

"आज कोण पडलं?" काकू स्वयंपाकघरातून विचारायची.

सातव्या धडकेनंतर काका स्टेअरिंग सोडून बसला. "माझ्यावर नजर ठेवली की मी चुकतो. तेव्हाही तेच झालं असेल," तो म्हणाला. खरं तर तेव्हा नजर ठेवणारी रजेवर होती, पण त्याचं तोंड बघून मी कॉम्प्युटरकडे वळले.

मी त्याला समजावलं, की खेळ चालवायचा आणि त्याचं चित्रही उतरवून घ्यायचं, ही दोन्ही कामं या एकट्या म्हाताऱ्या डब्याला झेपत नाहीत.

"म्हणजे गाडी ओव्हरलोड आहे," काका ताठ बसला. "मग सामान उतरव की."

शनिवारी दुपारी आम्ही सामान उतरवलं. मागे इंटरनेटची एकोणीस पानं उघडी होती, त्यातली सतरा गुडघेदुखीवरची. ती बंद केली. सेकंदाला साठ चित्रं टिपली जात होती, ती तीसवर आणली. चित्राचा आकार कमी केला. उतरवून घ्यायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्सच्या चिपला दिलं, ती इतके दिवस आयतं खात बसली होती. फाइल खेळाच्या डिस्कवर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर पाठवली. माइकही बंद केला. त्याने फारसा फरक पडत नाही, पण काकूचे शेरे साहेबांपर्यंत जायला नको होते.

तरी बाजाराच्या चौकात बस अडखळायचीच. मी खेळातल्या सावल्या काढल्या, पाऊस काढला आणि चहा करायला गेले. परत आले तर काका खूश. "अजून थोडं उतरवलं मी," म्हणाला. बस लोण्यासारखी चालत होती, म्हणून काय उतरवलं ते मी विचारलं नाही. हा गाढवपणा माझा.

मग खरी फेरी. काकू स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन मागे बसली, कारण घंटीशिवाय काका जागचा हलत नाही. त्या अपघातापासून तो स्कूटरवरसुद्धा काकूने खांद्यावर दोनदा टिचकी मारल्याशिवाय निघत नाही. स्टॉप आला, दरवाजा उघडला. काकू दरवाजाकडे बघत राहिली, मग टण टण. बस निघाली. दवाखान्याच्या स्टॉपवर मात्र ती वाजवेचना.

"काकू, या स्टॉपवर कुणी नाहीये," मी कुजबुजले.

"इथे म्हातारी माणसं चढतात. त्यांना वेळ लागतो."

काका पडद्यावरून नजर न हलवता बसून राहिला. अठरा सेकंदांनी टण टण झालं.

चौदा मिनिटं, एकही धक्का नाही. शेवटची तारीख तीच होती, म्हणून फाइल लगेच पाठवली आणि मग निवांत बघायला बसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकाने प्रवासी उतरवले होते. सगळेच्या सगळे. बस रिकामी, स्टॉप रिकामे, आणि माइक बंद असल्याने घंटीही ऐकू येत नव्हती. एक माणूस ओसाड गावात दरवाजे उघडून उगाच ताटकळतोय, एवढंच त्यात दिसत होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. काकाने कॉम्प्युटर बंद केला, आणि त्या रात्री जेवताना काकूने अपघाताचा विषय काढला नाही. ते मला जास्त जड गेलं.

चौथ्या दिवशी डेपोप्रमुखांचा फोन आला. काकाने तो स्पीकरवर टाकला.

"धक्का एकही नाही," साहेब म्हणाले. "पण प्रवासी बंद होते का?"

"हो साहेब. मशीन जुनं आहे, वजन कमी केलं."

"मग दवाखान्याच्या स्टॉपवर अठरा सेकंद कशासाठी थांबलात? बाकी सगळ्यांनी तिथून तीन सेकंदांत गाडी काढली आहे."

काकाकडे सबबींचा तोटा कधीच नसतो. मी एखादी चांगलीशी येईल म्हणून वाट बघत होते.

"घंटी झाली नव्हती," तो म्हणाला.

पलीकडून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सोमवारी नऊला या," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

काका खुर्चीतच बसून राहिला, दोन्ही हात प्लास्टिकच्या स्टेअरिंगवर. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला. "ऊठ की आता, मिशी कापून ये, कपडे इस्त्रीला टाक," मी म्हणाले. तो हलला नाही.

स्वयंपाकघरातून पेल्यावर चमच्याचे दोन ठोके ऐकू आले. मग तो उठला.