मोहन्याच्या गच्चीवरून फिनलंड

दोन महिने गायकवाड काका फोनवर एकच वाक्य ऐकवून फोन ठेवत होते, "बँड बंद आहे." आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांत याचा अर्थ, आज सूर्याचा मूड नाही. आमचा ट्वेंटी मीटर बँड, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, सूर्याच्या मेहेरबानीवर चालतो. तो खूश असला की रेडिओच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात आणि दोन पंख्यांइतक्या विजेवर युरोप गाठता येतो. पण इंटरनेटवरचे आकडे तर बँड छान उघडा असल्याचं सांगत होते. काकांची अँटेना गेली असणार असं ठरवून मी एका रविवारी मीटर, केबल आणि डागकामाचं सामान सॅकमध्ये भरलं.

घाईचं कारण यूहा. फिनलंडचा हा म्हातारा आणि काका दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला मोर्समध्ये, टिंब आणि रेघांच्या भाषेत, बोलायचे, एकोणीस वर्षं. भेट कधीच नाही, आणि ईमेलचा दोघांनाही तिटकारा. दोन महिने यूहा ऐकू आला नव्हता. "एक्याऐंशीचा होता गं, गेला असेल," काका म्हणाले होते. मी घरी बसून ऐकलं असतं, पण नौपाड्यात आमच्या सोसायटीतले चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्ट मिळून इतका गोंगाट करतात की माझ्या रेडिओवर कल्याणसुद्धा परदेश आहे.

स्कूटरने जाणाऱ्यांसाठी सांगते. माजिवड्याहून नाशिक हायवे, राजणोली नाक्याला उजवीकडे, कोन, मग दुर्गाडीचा पूल. जेवणाच्या वेळेआधी निघालात तर ट्रक कमी लागतात. कल्याणात थांबून मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा प्रवास पाणी शोधण्यात जाईल. ट्रेनने आलात तर शहाडला उतरा, बाहेर मोहन्याच्या शेअर रिक्षा असतात. मोहन्यात रेयॉनच्या जुन्या कारखान्याच्या बाजूला वळलं की एका तीन मजली इमारतीवर वायर ताणलेली दिसते. तेच घर.

काका त्याच कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायचे. मला मोर्स त्यांनीच शिकवलं. मी तीनदा बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं.

"हे आतच बसलेत बघ. बेल ह्यांच्यासाठी नसतेच."

जेवायला भाकरी आणि सुकट होती. काकू दोनदा म्हणाल्या, "अहो, भाकरी वाढू?" काकांनी मान वर केली नाही. "चाळीस वर्षं माझं काही ऐकलं नाही ह्या माणसाने," काकू मला म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. हसायला नको होतं, हे मला अजून कळलेलं नव्हतं.

दुपारभर गच्चीवर अँटेना तपासली. सांधे ठीक, केबल ठीक, मीटरचा काटा हवा तिथे. मी खाली येऊन काकांच्या पाठीमागून म्हटलं, "काका, अँटेनाला काहीच झालेलं नाही." ते रेडिओवरची धूळ पुसत राहिले.

साडेपाचला काकांनी हेडफोन लावले आणि यूहाला हाक मारली. हात अजून सुंदर चालतो, एक टिंब इकडचं तिकडे नाही. मग थांबून ऐकलं. मग मान हलवली.

"नुसती खरखर. बँड बंद आहे. बघ, तूच ऐक."

त्यांनी हेडफोन माझ्याकडे दिले. आवाज एवढा मोठा होता की मी ते कानापासून दूर धरले. आणि खरखरीच्या वर, स्वच्छ शिटीसारखा, यूहा काकांचं नाव घेऊन ओ देत होता.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "काही आहे?"

मला खरंच भीती वाटली. "नाही" म्हणणं फार सोपं होतं. आमच्यात समोरच्याला त्याचा सिग्नल कसा येतोय ते आकड्यांत कळवतात, आणि जवळजवळ सगळे डोळे मिटून पाच-नऊ-नऊ देतात. उत्तम, म्हणजे खूश राहा. काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जेवढं येतं तेवढंच द्यायचं. खोटा रिपोर्ट दिला तर समोरच्याने दुरुस्ती काय करायची?"

मी त्यांची वही ओढली, यूहाचं नाव लिहिलं आणि पुढे रिपोर्ट: ५७९, म्हणजे अगदी स्पष्ट, फक्त जोर जरा कमी.

काकांनी आकडा वाचला. बराच वेळ वाचला.

"म्हणजे आहे तो," ते म्हणाले. मग, "म्हणजे मीच बंद आहे."

काकू दारात उभ्या होत्या. यूहा तिकडे वाजतच होता. काकांनी हेडफोनची पिन उपटली, स्पीकरच्या पेटीची जाळी काढली आणि सूर बदलायचं बटण खाली खाली फिरवत नेलं. शिटीची घुमघुम झाली. मग त्यांनी दोन बोटं स्पीकरच्या कागदावर टेकवली आणि डोळे मिटले.

"हळू... येतंय," ते म्हणाले. उजव्या हाताने त्यांनी यूहाला कळवलं की कान गेले, बोटांनी वाचतोय, सावकाश पाठव. उत्तर इतकं सावकाश आलं की मोर्स न येणाऱ्या काकूंनाही टिंबं मोजता आली असती. काका मोठ्याने वाचत गेले, "दर रविवारी... तू हाक मारतोस... मी ओ देतो... तू ऐकत नाहीस. वाटलं... रागावलास."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "आता तपासून घेणार का कान?" त्यांनी समोर येऊन विचारलं. काकांनी या खेपेला होकाराची मान हलवली.

घरी पोचायला सवा तास लागला. रात्रीचं जेवण झाल्यावर मी माझी रेडिओची वही काढली. पानंच्या पानं पाच-नऊ-नऊ. त्यातले खरे किती, ते मला आठवेना. सॅकमधल्या सामानातलं, मीटर सोडून, काहीही वापरलं गेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सहाला काकूंनी व्हॉट्सॲपवर काकांच्या वहीचा फोटो पाठवला. तारीख, वेळ, यूहा. रिपोर्टच्या रकान्यात, जिथे एकोणीस वर्षं नुसते आकडे असत, काकांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: कानाला शून्य, हाताला ५७९.