पोटभर पाणी

वज्रेश्वरीच्या नाक्यावरून एसटी सुटली, तरी आई खिडकीचा गज धरून चालत होती. दादा, ट्रंक टपावर चढवून तू तिच्यामागे उभा होतास. मला वाटलं, आई रडेल. छे! तिचं बजावणं चालूच. "पानी मागून पी, पन तान्हेली राहू नको. पान्याला लाजायचा न्हाय." मला रागच आला. लेक लग्न होऊन भिवंडीला निघालीय आणि हिला पाण्याची पडलीय!

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. ह्यांना भिवंडीतल्या नारपोलीत कापडाच्या लूमवर शिफ्ट मिळाली होती. महिन्याभरात मीही त्याच कारखान्यात लागले. लूम पुरुषांनी चालवायचे, आणि धोट्यात बसते ती सुताची कांडी आम्ही बायकांनी भरायची. पहिल्याच दिवशी दुपारी माठातून ग्लास भरला, घटाघटा प्याले, दुसरा भरला. शेजारच्या हौसाबाईनं मनगटच धरलं.

"ए शहाणे! पितंस खरी, पन मंग जाशील कुठं?"

मला काही उमगेना. मग तिनं सांगितलं. पुरुष मागच्या नाल्यावर जातात. बायकांना जागाच नाही. सकाळी घरून जाऊन यायचं, मग एकदम शिफ्ट सुटल्यावर. म्हणून माठ भरलेला असतो आणि एकही बाई त्याला शिवत नाही. मी हबकलेच. कारखाना बांधताना सुतासाठी खोली बांधली, कारभार बघणाऱ्या मुनशीच्या सायकलीला छप्पर घातलं, आणि बाईलाही जावं लागतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही? मला गाव आठवलं. तिथं मोकळं रान होतं, मी हवं तेव्हा जायची, कुणी अडवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात हौसाबाई कांड्या भरता भरता कोसळली. ओठ फुटलेले, लघवीला आग, अंगात ताप. मुनशीला आम्ही कितीदा सांगितलं होतं. दर वेळी एकच उत्तर, "सेठ से बोला, सेठ ने मना किया." हा सेठ वरच्या मजल्यावर राहायचा म्हणे. आम्ही कुणी त्याला पाहिला नव्हता. वरून मुनशी हुकूम घेऊन यायचा आणि खाली सगळे माना डोलवायचे.

"मी जाते वर," मी म्हटलं. हे घाबरले. "गप बस. दोघांची नोकरी जाईल, मग पाटा-वरवंटा घेऊन परत गावी." भीती मलाही होती. पण एकदा डोकं फिरलं की माझं कसं होतं, ते तू जाणतोसच. गेलेच.

वर एक बाई बसली होती. नाकावर चष्मा, मांडीवर कापड, बोटानं त्यातला दोष शोधत होती. मी विचारलं, "सेठ कुठं आहेत?"

"बोल. मीच."

अगं बाई! रुकय्याबी त्यांचं नाव. कोकणी मुसलमान, बोलणं थेट आपल्यासारखं. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनीच सावरला होता. "बाजारात बाईला सूत कोन देतो गो? म्हनून मुनशी पुढं, नि नाव 'सेठ'." एवढा मोठा कारखाना बाई चालवते, आणि त्याच कारखान्यात बायका तहान मारून बसतात! मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा कापडावरचा हात थांबला.

"मला तर यातला एक शब्द न्हाय सांगितला त्यानं. बायका सुखात हायेत, बोलायचा. नि माझी मोरी माझ्या उशाशी, मला तरी कशाला सुचेल?" चष्मा काढून म्हणाल्या, "वर मी, खाली सगळे बाप्ये. मदी माझं कोन न्हाय. आजपासून कांडीखात्याची मुकादम तू."

"मुकादम? बाई?"

"सेठ बाई चालते, मंग मुकादम का न्हाय?"

पुरुष हसणार हे मी धरूनच चालले होते. पण बरी होऊन आलेली हौसाबाईच उसळली, "काल आलेली पोर माझ्यावर हुकूम करनार? बाईच्या हाताखाली मी न्हाय राबायची!" जिच्यासाठी वर गेले तीच! फार लागलं मला ते.

मागच्या अंगणात दोन संडास बांधले, आतून कडी असलेले. पहिल्या दिवशी लाजेनं कुणी उठेना. माठ भरलेलाच. शेवटी हौसाबाई उठली, सगळ्यांदेखत दोन ग्लास पाणी प्याली, तरातरा गेली. आली तेव्हा कमरेवर हात. "मुकादमीन, कडी घट्ट हाय. त्याल घाल." त्या दिवसापासून मी मुकादमीन. तेल मीच घातलं.

गेल्या साली आई आली, तेव्हा तिला मिरवायला कारखान्यात नेलं. लूमच्या खडखडाटानं तिनं कानांवर हात ठेवले. मग मी तिला तो दरवाजा दाखवला. ती आत गेली, कडी लावली, आणि किती वेळ बाहेरच येईना. मी दार ठोठावलं. बाहेर आली ती सरळ माठाकडे. तांब्याभर पाणी प्याली.

"लगीन झाल्यापास्नं भर उन्हात पोटभर पानी आज प्याले गो. तू लेक, तुला रान मोकळा. सुनंनं काळोख पडल्याबिगर भाईर कसा जायाचा?"

दादा, त्याच घरात मी लहानाची मोठी झाले, तिच्याच पदराला धरून हिंडले, आणि मला हे दिसलं नव्हतं.

गावची आठवण येते का, असं तुम्ही सगळे विचारता. येते. म्हणून तर दिवाळीत आले, भर दुपारी वहिनीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि बघत बसले. तिनं ओठ तेवढे ओले केले आणि तांब्या खाली ठेवला. तहान लागलेली बाई मला लांबूनही कळते. ती जोवर तो तांब्या रिकामा करत नाही, तोवर त्या घराला माझं घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

होळीला येतेय. गवंडी सोबत आणतेय. जागा तेवढी काढून ठेव.