एक दार जरा गडद
आज दुपारी घरभर थिनरचा वास पसरला आणि पारोळ्यातलं वडिलांचं पत्र्याचं वर्कशॉप डोळ्यांपुढे आलं. माझ्या लग्नाचं लोखंडी कपाट ते स्वतः रंगवत होते. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं, तोंडाला ओला रुमाल. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्यांचा रंगाची स्प्रे गन धरलेला हात एका लयीत फिरत होता आणि दारावर मोरपंखी रंग धुक्यासारखा बसत होता. एक दार झालं आणि लाइट गेली. बाहेर टेम्पोवाला घाई करत होता. टाकीत उरलेल्या हवेवर त्यांनी दुसरं दार उरकलं, पण हवेचा जोर कमी झाला तसा रंग जाड पडला आणि ते दार जरा गडद झालं. रंग सुकल्यावर कपाट टेम्पोत चढलं, तेव्हा ते मला म्हणाले, "माय, पुढच्या येळे गन लई येसू, दार सारखं करी देसू." नंतर जळगावला माझ्याकडे आले की आधी कपाटासमोर उभे राहायचे आणि तेच म्हणायचे. गन कधी आणली नाही, मीही कधी आठवण करून दिली नाही. ते गेल्यावरही दार तसंच होतं. आता घर रंगवायला काढलंय, म्हणून रंगाऱ्याला मीच कपाट दाखवलं. त्याने तासाभरात दोन्ही दारं एकसारखी करून दिली. फार सुरेख झालंय काम. पुढच्या येळेसाठी काही उरलंच नाही.