मधली रिकामी जागा

महाडच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्स काढणाऱ्या बाई मशीनशेजारच्या फळीवर ऋतू मांडतात. देवाची तसबीर नाही. वैशाखात करवंदं, भाद्रपदात तेरडा, सध्या भाताच्या लोंब्या. बाजूला टॅरोचे पत्ते. ते पत्ते बाई सावित्री नदीच्या वळणासारखे लावतात. ही मांडणी त्यांनीच काढलेली. मी मनात हसायचो.

परवा बायकोचा रिपोर्ट घेऊन तिथेच गेलो. पाकीट उघडायचा धीर होत नव्हता. म्हटलं, "बाई, जरा पत्ते लावा."

त्यांनी सहा पत्ते लावले, वळणावर एक जागा रिकामी सोडली आणि माझ्या हातातलं पाकीट घेऊन तिथे ठेवलं.

"हा पत्ता माझ्याकडं नाय, भाऊ. तुम्हीच उघडा. मी हाय इथं."

आणि गिऱ्हाईकं उभी असताना त्यांनी मशीन बंद केलं.