वरातीच्या घोडीवरून जंगलाच्या कडेने

वरसावे गावातल्या तबेल्यातली पांढरी घोडी मूळची वरातीची. मला घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या ताईच्या सासऱ्यांचा लग्नांना घोडे देण्याचा धंदा आहे. मोकळ्या दिवसांत हेच घोडे आम्हा इमारतीतल्या लोकांच्या वाट्याला येतात. मी आमच्या इंद्रलोक वसाहतीतून रविवारी जाते. घोड्यावर बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही, मला तेच बरं वाटतं.

जंगलाला लागून जाणाऱ्या पायवाटेसाठी ताईचे नियम पक्के आहेत. कुत्रे तबेल्यात बांधून निघायचं, कारण कुत्रा दिसला की बिबट्या जवळ येतो. मध्ये उतरायचं नाही. काही पडलं तर पडू द्यायचं, वाकायचं नाही. घोडं पळवायचं नाही. आणि आवाज करत जायचं, म्हणजे आपण येतोय हे त्याला लांबूनच कळतं आणि तो बाजूला होतो. आवाजाचं काम घोडीच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा करतो.

त्या रविवारी पट्टा खुंटीवर नव्हता. तबेल्यातला एक घोडा वरातीला गेला होता आणि घाईघाईत त्याच्या झुलीबरोबर पट्टाही गेला होता. लग्नसराईत असं व्हायचंच.

"मंग बोलत जाऊ," ताई म्हणाली. म्हणजे तिचे ओठ हलले आणि थोडी हवा बाहेर आली. गावात हळद होती, रात्रभर गाऊन तिचा आवाज पार बसला होता. "तू बोल गो आज."

"मी?"

"मंग काय घोडी बोलेल?"

ती तिच्या तपकिरी घोड्यावर पुढे, मी घोडीवर मागे. थंडीचे दिवस, ऊन लवकर उतरत होतं. मी ऑफिसबद्दल बोलायला लागले. माझं मराठी मध्येच अडतं, मग मी हिंदीत शिरते आणि तिथून इंग्रजीत. लिफ्ट बंद आहे ते सांगितलं, आईने बटाट्याची भाजी खारट केली ते सांगितलं. ताई मान हलवत होती. आपलाच आवाज झाडांमधून ऐकायला विचित्र वाटत होता, कुणीतरी दुसरीच बोलतेय तसा.

मग समोरून मोळ्या घेऊन दोन बायका आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प झाले. त्या निघून गेल्यावरही तोंड उघडेना. एकदा थांबलं की पुन्हा सुरू करणं मला कधीच जमलेलं नाही. वळण आलं, ते ओलांडलं. फक्त टापांचा आवाज येत होता.

डोक्यावरच्या झाडात एक वानर खोकलं. मग दुसरं. ओरडणं नव्हतं, घशातून काढलेला, इशाऱ्याचा एकेक कोरडा खोकला होता.

घोडी थांबली. तिचे कान पुढे ताठ झाले आणि मानेखालची कातडी थरथरायला लागली. पुढे ताईचा घोडा गोल फिरू पाहत होता, दोन्ही हातांनी लगाम ओढून ती त्याला जागेवर धरत होती. तिने मागे वळून हनुवटीने डावीकडे दाखवलं.

उतारावर एक खडक होता. आधी मला काहीच दिसलं नाही. मग खडकावरून लोंबणारी शेपटी हलली आणि तिच्यामागे अख्खा बिबट्या दिसला. एकदा दिसल्यावर तो इतका स्पष्ट होता की आधी कसा दिसला नाही तेच कळेना. तो आमच्याकडेच बघत होता.

घोडी एक पाऊल मागे सरली. आणखी एक. ती वळली असती तर पळालीच असती. पळालेल्या जनावरामागे बिबट्या लागतो, आणि पायवाट संपते तिथे घोडबंदर रोड, कंटेनरच्या रांगा. मला एवढंच सांभाळायचं होतं की तिने वळू नये.

"ईझी," मी म्हटलं. "ईझी, गर्ल." ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

ताईने जिवाच्या आकांताने हवा फुंकली. "जोरात! वरातीतली हाय ती. बँडला न्हाय घाबरत, गप्प झालं की घाबरते."

मला एकही गाणं आठवेना. मी तळहात सॅडलवर आपटला आणि तोंडाने ढोल वाजवायला लागले. "ढँग ढँग ढँगचिक! ढँग ढँग ढँगचिक!" आवाज फाटला. पुन्हा सुरू केला, अजून मोठा.

घोडीचा एक कान मागे, माझ्याकडे वळला. मग दुसरा. थरथर थांबली नाही, पण पाय थांबले. मी टाच लावली. तिने मान कमानीसारखी वर उचलली आणि पुढे नवरदेवासमोरची मंडळी नाचत असावीत तशी एकेक पाऊल उडवत चालायला लागली. तिला बघून तपकिरी घोडाही सरळ झाला.

खडकाच्या समोरून जाताना मी तिकडे पाहिलं नाही. ताईने पाहिलं. नंतर तिने सांगितलं की तो उठला, आळस दिला आणि वर झाडीत गेला. वर म्हणजे किती वर, ते झाडीत कळत नाही. म्हणून मी थांबले नाही. घसा चरचरत होता, तळहात सुन्न झाला होता, ढँगचिक चालूच होतं.

पायवाटेच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथले रिक्षावाले उभे राहून बघायला लागले.

"अरे दीदी, दूल्हा किधर है?"

"पीछे छूट गया क्या?"

सगळे हसले. टपरीच्या मागेही झाडंच आहेत. मी त्यांच्याकडे बघत, त्यांच्या मधून, वाजवत गेले.

तबेल्यात मी उतरून लगाम ताईच्या हातात दिला. ताईने आधी घोडीच्या मानेवरचा घाम पुसला, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. बोलायला दोघींनाही आवाज नव्हता. वरातीला गेलेला घोडा परत आला होता. तिने त्याच्या झुलीतून पट्टा शोधून काढला आणि खुंटीवर न टांगता सरळ घोडीच्या गळ्यात बांधून टाकला.

घरी आईने दार उघडलं. "आवाजाला काय झालं गं?"

खरं सांगितलं असतं तर पुढचा रविवार गेला असता.

"ताईंच्या गावात हळद होती," मी म्हटलं.

"तू गायलीस?" आई हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी होकारार्थी मान हलवली आणि पाणी प्यायला आत गेले.