मोटरहोमखालचा लाल डाग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर लाल डाग दिसला तेव्हा तो मला कुंकवाचा वाटला. आदल्या दिवशी आम्ही मोटरहोमची पूजा केली होती. पुढच्या काचेखाली स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. नारळही तिथेच काँक्रीटवर फोडला. मग सीमोल्लंघन म्हणून गाडी आमच्या गावाच्या, शुगर लँडच्या बाहेर, शेतं लागेपर्यंत नेऊन आणली. त्यामुळे सकाळी मी पाण्याची नळी लावून डाग धुवायला घेतला आणि मनातल्या मनात नवऱ्यावर चिडले. कुंकू किती सांडावं याला काही धरबंध आहे की नाही? पण डाग जाईना. बोट लावलं तर तेलकट लागलं. नाकाशी नेलं तर किंचित जळका वास आला.

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. उभा जन्म मायक्रोस्कोपला डोळा लावून काढला. कुणी "अगं, काही नसेल" म्हणालं की माझे कान टवकारतात. नवरा बाहेर येऊन, डागाकडे जेमतेम बघून नेमकं तेच म्हणाला.

ही मोटरहोम आमच्या मुलीपेक्षा वयानं मोठी आहे. आत स्वयंपाकाचा ओटा, झोपायला पलंग, खिडक्यांना तपकिरी पडदे. नवरा इंजिनियर, सगळी नोकरी तेल कंपनीत गेली. निवृत्त झाल्यावर त्याला या गाडीचं वेड लागलं. हिच्यातून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून पिस्कॅटवेला मुलीकडे जायचं, वाटेत मनाला येईल तिथे थांबायचं आणि तिथे पोचल्यावर नातवाला पुढे बसवून फिरवायचं, असा त्याचा बेत. नातवाला त्यानं फोनवर कबूलही करून टाकलं होतं. मला ही गाडी पहिल्या दिवसापासून पटलेली नव्हती. विकणारा माणूस फार गोड बोलत होता. आम्हाला सावलीत बसवून लिंबाचं सरबत दिलं त्यानं. जुनं वाहन विकणारा माणूस सरबत देतो तेव्हा काहीतरी लपवत असतो, हे मी परतताना नवऱ्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही.

डाग रोज दिसायला लागला तेव्हा मी अट घातली. "दिवाळीपर्यंत हे थांबलं तर आपण हिच्यातून जाऊ. नाही थांबलं तर गाडी विकायची आणि विमानाची तिकिटं काढायची."

"डन," तो म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलं. मला जरा वाईट वाटलं, तरी अट मागे घेतली नाही.

लाल तेल म्हणजे ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, एवढं त्यानं सांगितलं. पहिल्या मेकॅनिकनं गाडीखाली जाऊन सील गेलंय असं निदान केलं आणि सील बदललं. मी म्हटलं, जुनं दाखवा. तो म्हणाला, टाकून दिलं. काढलेला तुकडा दाखवत नाहीत त्या ऑपरेशनवर माझा विश्वास बसत नाही. झालंही तसंच. गाडी जरा लांबवर नेऊन आणली की खाली डाग तयार. दुसरा मेकॅनिक खाली वाकलासुद्धा नाही. इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, अख्खं ट्रान्समिशन उघडून नव्यानं बांधावं लागेल. नवरा लगेच म्हणाला, "करून टाकू." इतक्या लगेच हो म्हणणारा हा माणूस नव्हे. साधा टोस्टर घ्यायचा तरी दोन महिने रिव्ह्यू वाचणारा. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण माझा रोख होता मेकॅनिकवर. यानं माझ्या नवऱ्याला कसलं तरी भय घातलं असणार, असं मी धरून चालले.

मग मी स्वतःच तपासायचं ठरवलं. या गाडीत पुढच्या दोन सीटच्या मधे एक मोठं झाकण असतं. ते उचललं की इंजिनाची मागची बाजू आणि ट्रान्समिशनचा माथा दिसतो. झाकण उचलायला नवरा आला, पण बाकी सगळं माझं मी केलं. गुडघ्याखाली गोधडीची घडी घेतली. चिंध्या लांब काठीला बांधून जिथवर हात पोचेल तिथवर सगळं पुसून काढलं, वरून टाल्कम पावडर मारली आणि मग नवऱ्याला म्हटलं, चला, एक चक्कर मारून आणा. परत आल्यावर टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा घेऊन बसले. पांढऱ्या पावडरीवर लाल ओघळ स्पष्ट दिसत होता. तो सुरू होत होता अगदी वरून, माथ्यावरच्या एका बारीक नळीपासून. सील, गॅस्केट, सगळं त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे दोन्ही मेकॅनिक खोटे, किंवा आळशी. मला फार बरं वाटलं.

जुन्या मोटरहोमवाल्यांचे इंटरनेटवर गट आहेत. दिवसभर ते वाचत बसले. ती नळी हवा आत-बाहेर व्हावी म्हणून असते. तेल जास्त भरलं गेलं की गाडी तापल्यावर ते फेसाळतं, फुगतं आणि त्या नळीवाटे बाहेर येतं. दूध उतू जातं तसं. थोडक्यात, गाडीला काही झालेलंच नव्हतं. तिच्यात कुणीतरी भरमसाट तेल ओतलं होतं.

तेल मोजायची पद्धतही नीट वाचून घेतली. गाडी सपाट जागेवर, तापलेली, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये. गार गाडीत पातळी खाली दिसते, तेव्हा ती खुणेपर्यंत भरली की गाडी तापल्यावर जास्त होते. पुढच्या जाळीजवळ मोजायची पट्टी असते, तिला सगळे डिपस्टिकच म्हणतात. मी ती काढली, पांढऱ्या कागदावर टेकवली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. हातपंपानं मी ते खुणेपर्यंत काढलं. ओतणारा कोण, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: दुसरा मेकॅनिक, दुसरं कोण? आधी गाडी आजारी पाडायची आणि मग ऑपरेशन सांगायचं. डाग त्याच्याही आधीपासूनचा आहे, हे मी रागात विसरले. असली माणसं मी माझ्याही धंद्यात पाहिली आहेत.

त्या दुपारी आम्ही फ्रीवेनं लांबवर जाऊन आलो. पावडर कोरडी, पांढरीशुभ्र. मी मुलीला फोन करून सांगितलं, "गाडी फिक्स झाली. आम्ही निघतोय." मागून नातू ओरडत होता. नवरा नुसता हसला. आपल्याऐवजी बायकोनं गाडी दुरुस्त केली म्हणून हिरमुसला असेल, असं मला वाटलं.

चार दिवसांत डाग परत आला.

आता मेकॅनिककडे गाडी गेलेलीच नव्हती. संशयाची सुई समोरच्या शेजाऱ्याकडे वळली. आमची वसाहत जुनी, गाड्यांबद्दल नियम फारसे नाहीत, पण त्याला आमची मोटरहोम डोळ्यांत खुपत होती. कुत्र्याला फिरवताना तो तिच्यापाशी रेंगाळायचा. आज हसू येतं, पण तेव्हा मी खरोखर सकाळचा चहा घेऊन खिडकीच्या ब्लाइंड्समागे खुर्ची टाकून बसले. शेजारी आला. कुत्रा आमच्या चाकाशी थांबला, पुढे गेला. मग आमच्याच गॅरेजचं दार वर गेलं आणि नवरा बाहेर आला. एका हातात फनेल, दुसऱ्यात तेलाची बाटली.

त्यानं गार गाडी सुरू केली. डिपस्टिक काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. उन्हात धरली. डावीकडे, उजवीकडे. मान वळवून, जणू दुसरीकडेच काहीतरी बघतोय अशी. मग फनेल लावून तो शांतपणे ओतायला लागला.

माझा चहा गार झाला. मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. ह्यांना मुलीकडे जायचंच नाहीये. बेत ह्यांनीच केला, नातवाला कबूल ह्यांनीच केलं, आणि आता गाडीच्या आडून अंग काढून घेतायत. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस मला ब्लाइंड्समधून परका दिसत होता.

मी बाहेर गेले नाही. नाश्ता झाला. मग म्हटलं, "अहो, चला, भाजी घेऊन येऊ मोटरहोमनं. तेवढीच गाडी तापेल." आलो, गाडी ड्राइव्हवेवर लावली. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि मी पुढच्या जाळीजवळचं झाकण उघडलं.

"तुम्ही रोज तेल घालता?"

"घालावंच लागतं. दसऱ्याआधी बघितली तेव्हाही लेव्हल कमीच होती. आता लीक आहे ना, मग लेव्हल डाऊन होणारच. कॉमन सेन्स आहे."

मी डिपस्टिक काढून बघितली. खुणेच्या चांगलीच वर. त्याच्या हातात दिली. त्यानं मान तिरकी केली. "बघ. कमी आहे."

"नीट बघा."

"अगं, बघितलं की. कमी आहे."

मी डिपस्टिक परत घेतली. त्याच्याकडे पाठ करून ती कागदानं टोकापासून वरपर्यंत स्वच्छ पुसली. आत घातलीच नाही. क्षणभर थांबून वळले आणि त्याच्या हातात दिली. "आता?"

त्यानं ती उन्हात धरली. मला भांडण नको होतं तसं त्यालाही नको असावं. "हां," तो म्हणाला. "आता बरोबर आहे. अगदी फुल."

मी दारातून आत वाकून इंजिन बंद केलं.

"ती कोरडी आहे," मी म्हणाले. "मी ती आत घातलीच नव्हती."

तो हातातल्या डिपस्टिककडे बघत राहिला, म्हणजे तिच्या बाजूला बघत राहिला. मग म्हणाला, "डाव्या डोळ्याचं मधलं गेलंय. उजव्याचंही हल्ली जातंय. कडेचं सगळं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं की तुझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

मला भयंकर राग आला. त्याच्या डोळ्यांचं वाईट नंतर वाटलं, आधी राग आला. वर्षभर हा माणूस मला शेजारी बसवून फ्रीवेवर ही अवजड गाडी चालवत होता. "तो बोर्ड वाच ना" म्हणायचा, मला वाटायचं गप्पा मारतोय. किराणा आणायला जाताना "तू चालव, मला फोन करायचेत" म्हणायचा आणि फोन कुणालाच करायचा नाही. लायसन्स ऑनलाइन रिन्यू केलं तेव्हा लाइन टाळली म्हणून किती खूश होता; टळली होती ती डोळ्यांची तपासणी. आणि ट्रान्समिशन बांधायला का तयार झाला होता, तेही कळलं. गाडी महिनाभर तरी मेकॅनिककडे राहिली असती. कुणी त्याला चालव म्हटलं नसतं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात?"

"नाही."

"मी डॉक्टर आहे, माझ्याशी तरी बोलायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या असत्यास."

"हो. घेतल्या असत्या."

"मग?" तो म्हणाला. या गावात गाडी चालवता येत नाही तो माणूस दुधासाठीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. मला हे ठाऊक होतं, त्यालाही होतं. मी हात पुढे केला. त्यानं इग्निशनमधून किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवायला गेला. पहिल्यांदा त्याचा अंदाज चुकला.

मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली. हल्ली इंजेक्शनं असतात, वेळेत गेलं तर उरलेलं वाचतं, हे मी त्याला सांगितलं. वेळेत म्हणजे काय ते नाही सांगितलं. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून जास्तीचं तेल काढलं. मी पंप मारत होते, तो बाटली धरून होता. नंतर मी एकटीनं गाडी आमच्याच रस्त्यावर वर-खाली फिरवली, घामानं निथळले. खाली एक थेंब पडला नाही. माझी अट पूर्ण झाली होती, आणि त्यात कुणालाच आनंद नव्हता.

शनिवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नातू स्क्रीनला नाक लावून बसला होता. नवऱ्यानं फोन हातात घेतला, चेहऱ्यापासून जरा बाजूला धरला. नातवाचा चेहरा शोधत होता तो. हे आता मला कळत होतं, मुलीला कळत नव्हतं.

"बाबा, कधी निघताय? ही इज आस्किंग एव्हरी डे."

नवऱ्यानं आधी माझ्याकडे बघितलं, की माझ्या कानाकडे, देव जाणे. "अगं, गाडी अजून गळतेय," तो म्हणाला. "बघू."

"स्टिल? आई तर म्हणाली होती फिक्स झाली." आणि तिनं मला हाक मारली. "आई? इज इट?"

मी तोपर्यंत कुणाचा रिपोर्ट बदलून सांगितला नव्हता. पेशंटचा नाही, सासूचा नाही, माझ्या आईचाही नाही. मी ओट्याशी उभी होते आणि मला त्याचा अजूनही राग येत होता. पण हे तिला सांगायचं त्याचं होतं. मंगळवारनंतर, त्याला जमेल तेव्हा. तोपर्यंत त्याच्याजवळ लपायला ती एक जुनी गाडीच होती.

"गळते," मी म्हणाले. "अजून गळतेच आहे."

"मग ठीक आहे," मुलगी म्हणाली. "आई म्हणतेय म्हणजे खरंच गळत असणार."